जावयाच्या अंघोळीचा पडदा

न्हाणीघराला दार असताना आतून आणखी पडदा कशाला लागतो, हा प्रश्न राजशेखर चिल्लरगे यांना उदगीरच्या निदान निम्म्या ओळखीच्यांनी तोंडावर विचारला. उरलेल्या निम्म्यांनी पाठीमागे विचारला. अडचण अशी होती की प्रश्न रास्त होता, आणि उत्तर माहीत असूनही राजशेखरना ते कुणाला सांगता येत नव्हतं.

उत्तर दिवाळीत घडलं होतं. जावई पहिल्या दिवाळसणाला आले होते. विरूपाक्ष त्यांचं नाव. पुण्याला कंपनीत नोकरी, स्वभाव इतका अबोल की त्यांना भाजी हवी की नको हे त्यांच्या ताटाकडे बघूनच ओळखावं लागायचं. पाडव्याच्या सकाळी त्यांना उटणं लावून न्हाणीघरात पाठवलं आणि नेमके तेव्हाच नळ आले. आता, ज्यांच्याकडे रोज पाणी येतं त्यांना 'नळ आले' या दोन शब्दांचं वजन कळायचं नाही. राजशेखरच्या गल्लीत नळ आठवड्यातून एकदा यायचे, कधी त्याहूनही उशिरा, आणि आले की तासाभरात जायचे. त्या तासात माणूस पूजेवरूनही उठतो. चिल्लरग्यांची पाण्याची दोन्ही टिपाडं न्हाणीघरात होती, आणि दाराची कडी बाहेरून हिसका दिला की निघते, हे घरातल्या सगळ्यांना पाठ होतं.

तर राजशेखरनी हिसका दिला. पाईप घेऊन आत गेले. "चालू द्या तुमचं," असं म्हणून त्यांनी पाईप टिपाडात सोडला. टिपाड भरेपर्यंत मुक्यानं उभं राहणं बरं दिसत नाही, म्हणून तोंडाला साबण फासून पाठमोऱ्या बसलेल्या जावयाशी ते दोन शब्द बोलले. यंदा सोयाबीनला भाव नाही हे सांगितलं. पुण्यात भाडं फार असतं म्हणतात, मग पगारातून कापून हातात किती येतं, हेही विचारलं. जावई बोलले नाहीत. दुसरं टिपाडही भरलं.

राजशेखरच्या मते यात वावगं काहीच नव्हतं. परक्या माणसाच्या अंघोळीत कोण कशाला जाईल? घरचा मानला म्हणूनच गेले. पण विरूपाक्षना त्याच दुपारी ऑफिसचं तातडीचं काम निघालं. त्यानंतर ते आले तेव्हा सकाळी येऊन संध्याकाळी लातूरला आपल्या मावशीकडे मुक्कामाला गेले, आणि त्यांच्यामागून लेक मंजुश्रीही गेली. दिवाळीपासून पोरगी एक रात्र माहेरी झोपली नव्हती. राजशेखर यावर कुणापाशी बोलले नाहीत. फक्त दुकानातून आले की माडीवरच्या तिच्या खोलीत जायचे, दिवा लावायचे, जरा उभे राहायचे आणि दिवा घालवून खाली यायचे.

मग अधिक महिना लागला. जावयाला धोंड्याचं जेवण तर द्यायलाच हवं. मंजुश्रीचा फोन आला.

"अप्पा, ह्यांना दोन दिवस सुट्टी आहे. राहायचं बघते मी. पण न्हाणीघरात शॉवर कर्टन लावा."

"म्हंजे?"

"पडदा ओ. आतून."

"दार हाय की."

"अप्पा."

त्या एका 'अप्पा'त सगळी दिवाळी होती. राजशेखरना बरंच कळलं आणि बरंच कळलं नाही. शॉवर त्यांच्याकडे होता. लग्नाआधी मुद्दाम बसवला होता. त्यातून पाणी पडलेलं फक्त बसवणाऱ्यानं पाहिलं होतं. पण पडदा शॉवरसाठी नाही, माणसासाठी आहे, एवढं त्यांनी ताडलं.

मंजुश्रीनं पुण्याहून तयार पडदा पाठवला. तो लावून बघितला तर अर्धाच पुरला. चूक पडद्याची नव्हती. वाटणीत चुलत्यांची भिंत तिरकी आल्यामुळे चिल्लरग्यांचं न्हाणीघर दाराशी अरुंद आणि आत रुंद होतं. त्या पडद्यामागे अर्धाच जावई झाकला गेला असता, आणि कोणता अर्धा हे ठरवण्याची वेळ राजशेखरना यायला नको होती. पडदा परत पाठवायला गेले तर मोबाईलनं परतीचं कारण विचारलं. वस्तू फुटकी आहे, रंग वेगळा आहे, आवडली नाही, अशी कारणं दिली होती. 'भिंत तिरकी आहे' हे कारण त्यात नव्हतं. त्यांनी 'आवडली नाही' दाबलं आणि दिवसभर त्यांना उगाच खोटं बोलल्यासारखं वाटत राहिलं.

"मापानं शिवून घेऊ," ते म्हणाले. जन्म कापडाच्या दुकानात गेलेल्या माणसाला पडद्याचं काय अवघड? दुकानात गुलाबी पॉपलिनचा एक तागा कधीचा पडून होता. परकराला कुणी घेत नव्हतं. तो काखेत मारून ते घरी आले, तर ओट्यावर शरणप्पा बसलेले.

शरणप्पा शेजारी. पंचायत समितीतून निवृत्त झालेले. निवृत्तीनंतर माणसं देवधर्म करतात, शरणप्पा चौकशी करायचे.

"काय करायलाव ह्याचं?"

"पडदा. न्हाणीघराला."

"दार मोडलं काय?"

"न्हाई. आतून."

शरणप्पांनी यावर बराच विचार केला. "आत आणखी कोण असतंय?"

"कोण असणार? वाफ बाहेर येती," राजशेखर म्हणाले. जे तोंडात आलं ते बोलून गेले.

"उन्हाळ्यात वाफ," शरणप्पा म्हणाले आणि पॉपलिन दोन बोटांत चोळून बघितलं. "हे वलं झालं की अंगाला चिकटतंय. जावईबापू पडदा नेसूनच भाईर येतेल."

हे मात्र खरं होतं. तागा दुकानात परत गेला आणि राजशेखर ताडपत्री आणायला धान्याच्या मोंढ्यात गेले. दुकानदारानं सवयीनं विचारलं, "झाकायला सोयाबीन किती क्विंटल हाय?"

"सोयाबीन न्हाई, जावई हाय," राजशेखर म्हणाले. दुकानदारानं निळी ताडपत्री काढली आणि पुढं काही विचारलं नाही. लोकांना आपल्याबद्दल नेमकं काय वाटतंय, याची काळजी राजशेखरना पहिल्यांदा तिथं लागली.

माप त्यांनी दुकानातल्या लोखंडी मीटरनं घेतलं. आता त्यांच्या वडलांनी त्यांना एक गोष्ट शिकवली होती. गिऱ्हाइकाला मीटरमागे चार बोटं जास्त द्यायची, म्हणजे घरी जाऊन मोजलं तरी ते शिव्या देत नाही. हा हात इतका मुरलेला होता की राजशेखरनी स्वतःलाही मीटरमागे चार बोटं जास्त दिली. उंचीत दिली, रुंदीतही दिली. माप गौरम्मांकडे गेलं. गौरम्मा म्हणजे राजशेखरच्या सौभाग्यवती, हुमनाबादच्या बाजूच्या, सगळ्या भावकीच्या चोळ्या शिवलेल्या. माणूस पुढंमागं अंगानं भरतोच, म्हणून शिवणात माया ठेवायची, हा त्यांचा नियम. पडदा अंगानं भरत नाही हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. त्यांनी चारही बाजूंनी भरपूर माया धरली. शरणप्पांनी पडद्याला चुण्या पडायला कापड दीडपट लागतं असं ठामपणे सांगितलं, तेही धरलं. मंजुश्री फोनवर म्हणाली, "जरा सैल ठेवा," तेही ठेवलं. आपण काय वाढवलं हे एकानंही दुसऱ्याला सांगितलं नाही.

समोरच्या टेलरनं ताडपत्री बघून हात जोडले. "शेठ, मशीन मरती ह्यानं. माझं पोट हाय त्याच्यावर." तेव्हा गौरम्मांची लग्नातली पायमशीन माळ्यावरून खाली आली.

ताडपत्री कापडासारखी वागत नाही. ती मशीनच्या दाबाखाली चिकटून बसते, सुई एकाच जागी खाली-वर होते आणि तिथं भोकांचा पुंजका तयार होतो. शरणप्पा म्हणाले तेल लावा. तेल लावल्यावर ताडपत्री अशी सटकली की गौरम्मांची शिवण पाटाच्या पाण्यासारखी वळत गेली. मग शरणप्पा म्हणाले भस्म लावा, सुळसुळीत होतंय.

"इभूती मशिनीला लावू?" गौरम्मांनी त्यांच्याकडे असं बघितलं की शरणप्पा चप्पल शोधायला लागले.

शेवटी तोंडाची पावडर लावली. डबा संपला. राजशेखर ताडपत्रीचा दुसरा काठ धरून खोलीभर मागं मागं सरकत होते आणि कोपऱ्यात पोचले की उलटे फिरत होते. पावडरीनं दोघंही पांढरे झाले होते. तशात नळपट्टीवाला आला. त्यानं नवरा-बायकोकडे बघितलं, निळ्या ढिगाकडे बघितलं आणि विचारलं, "हे काय चालू हाय?"

"न्हाणीघराला पडदा."

"म्हंजे आत दोन भाग पाडायलाव?"

"तसंच म्हणा."

"मग भाडेकरू ठिवला म्हणा की. एका नळावर दोन बिऱ्हाडं न्हाई चालत."

भाडेकरू नाही, जावई येणार आहे, हे राजशेखरनी त्याला समजावून सांगितलं. त्यावर त्यानं विचारलं, मग जावई काय कायमचे राहायला येणार आहेत का. राजशेखरच्या तोंडून "देव करो आन् येवोत," असं निघून गेलं. नळपट्टीवाला मान हलवत गेला. संध्याकाळपर्यंत गल्लीत बातमी पसरली की चिल्लरग्यांचा जावई नोकरी सोडून घरजावई व्हायलाय. रात्री निलंग्याहून व्याह्यांचा फोन आला. ते काही बोलले नाहीत, फक्त तब्येत विचारली. पण त्यांनी सगळ्यांची तब्येत दोनदा विचारली, आणि तेवढ्यानं राजशेखरना घाम फुटला.

लोकांना काहीतरी उत्तर द्यायलाच हवं होतं. एकाला पाल पडते म्हणून सांगितलं. एकाला भिंतीला ओल येते म्हणून सांगितलं. शरणप्पांनी पुन्हा खिंडीत गाठलं तेव्हा राजशेखर वैतागून म्हणाले, "वास्तुशास्त्रात हाय." ही मात्र मोठी चूक झाली. दुसऱ्या दिवशी शरणप्पांच्या न्हाणीघरात त्यांच्या मंडळींचं जुनं लुगडं लटकलेलं होतं. आठवडाभरात गल्लीतल्या तीन घरांत पडदे लागले, आणि पडद्याचं तोंड कोणत्या दिशेला ठेवायचं हे विचारायला लोक दुकानात येऊ लागले. कापड मात्र एकानंही घेतलं नाही.

वाकडी शिवण उसवली तेव्हा नवंच कळलं. कापडाची शिवण उसवली की कापड विसरतं, ताडपत्री विसरत नाही. प्रत्येक टाक्याचं भोक जिथल्या तिथं. राजशेखरनी पडदा उजेडाला धरला तर चांदण्या पडल्या होत्या.

"ह्यातून पानी जाईल ओ," गौरम्मा म्हणाल्या.

"पाणी जाऊ दे. नजर जाऊ न्हाई म्हंजे झालं," राजशेखर म्हणाले, आणि नजर जाते का हे बघायला त्यांनी एका भोकाला डोळा लावला. पलीकडे शरणप्पा उभे होते. दोघंही दचकले. पंक्चरवाल्याकडून लाल ठिगळं आणून मोठी मोठी भोकं बुजवली. एवढं झाल्यावर पडद्याला वर पितळी कड्या ठोकल्या, भिंतीत लोखंडी नळी बसवली आणि सगळ्यांनी मिळून तो चढवला.

तेव्हा सगळ्यांची चार बोटं, माया, चुण्या आणि सैलपणा एकदम खाली आला. पडदा जमिनीवर येऊन पसरला, टिपाडांवर चढला, मोरीत उतरला आणि दारापर्यंत पोचला. राजशेखर आतच होते. दार आत उघडणारं, ते ताडपत्रीत अडकलं. बाहेरून शरणप्पांनी खांदा लावला, आतून राजशेखरनी निळं ओढलं, आणि या ओढाओढीत नळी निखळून सगळा पडदा त्यांच्या अंगावर आला. आत काही काळ नुसती हालचाल दिसत होती.

"ह्यात जावई न्हाई, वऱ्हाड बसतंय," शरणप्पा म्हणाले.

कात्री लावायला राजशेखरचा हात धजेना. खालून तीन घड्या घालून टाचला. पडदा जाड झाला, जड झाला, पण उभा राहिला. आत चौरंग आणि बादली, बाहेर दाराच्या बाजूला दोन्ही टिपाडं. दोघं नवरा-बायको त्याच्यापुढे उभे राहिले. बघायला तो अजिबात चांगला नव्हता. तरी राजशेखरना वाटलं, पोरगी राहिली तर ह्याच्यामुळेच राहील, आणि त्यांनी एका ठिगळावरून उगाच हात फिरवला.

ठरल्या दिवशी सकाळी मंजुश्री आणि विरूपाक्ष गाडीतून उतरले. राजशेखरनी आधी बॅग बघितली. एकच होती, आणि लहान होती.

"राहणार नव्हं?" त्यांनी हळूच विचारलं.

"बघू अप्पा," मंजुश्री म्हणाली. "त्यांना आधी निवांत अंघोळ करू द्या. आत जायचं नाही. बोलायचं तर बिलकुल नाही."

विरूपाक्ष टॉवेल घेऊन आत गेले. स्वयंपाकघरात पुरण शिजत होतं. बादली सरकल्याचा आवाज आला, पाणी पडल्याचा आवाज आला, सगळं ठीक चाललं होतं, आणि गल्लीतून शरणप्पांची हाक आली.

"राजशेखर, नळ आले."

गौरम्मा पाईप घेऊन धावत आल्या. राजशेखरनी पाईप त्यांच्या हातातून घेतला, पण आत गेले नाहीत. दारासमोर स्टूल ठेवून त्यावर बसले.

"आवं, टिपाडं तळाला गेल्यात. नळ निघून जातेल."

"जाऊ देत."

"आन् आठ दिवस काय करताव?"

"टँकर मागवू."

गौरम्मांनी घागरी, पातेली, कुकर, जे हाताला लागलं ते अंगणात भरायला घेतलं. मंजुश्री पुरणाच्या हातानंच स्वयंपाकघराच्या दारात येऊन बापाकडे बघत राहिली. पाईपमधून पाणी अंगणात वाहत होतं. इतकं पाणी नुसतं जाताना बघणं राजशेखरच्यानं होत नव्हतं, म्हणून त्यांनी तोंड फिरवलं. पण ते उठले नाहीत.

"मामा," आतून आवाज आला. "नळ आलेत का?"

"आलेत. जातेल. तुम्ही सावकाश चालू द्या. इथं मी बसलोय, कुणी येत न्हाई."

आत पडद्याच्या कड्या खुळखुळल्या. मग विरूपाक्ष म्हणाले, "आत या. मी पडद्याआड आहे."

राजशेखरनी मंजुश्रीकडे बघितलं. तिनं मानेनं 'जा' म्हटलं, पण तोंडावर बोट ठेवलं. ते आत गेले. मान भिंतीकडे करून पाईप टिपाडात सोडला आणि ओठ मिटून उभे राहिले. पाणी पडत होतं. आयुष्यात भरलेल्या टिपाडांत इतकं सावकाश भरणारं टिपाड त्यांना आठवत नव्हतं. सोयाबीनबद्दल बोलण्यासारखं बरंच होतं, ते त्यांनी गिळलं.

पडद्यामागे तांब्या बादलीच्या तळाला खरडला. पुन्हा खरडला. मग थांबला.

"मामा."

"हां, बोला."

"दिवाळीला माझ्या बादलीतलं पाणी संपलं होतं. डोळ्यांत साबण गेला होता."

राजशेखरनी पाईप टिपाडात आणखी खाली सरकवला.

"तुम्ही पाणी भरत होता. बोलतही होता. मला तांब्याभर मागता येईना."

"मागायचं की ओ."

"पहिलाच सण होता. सासऱ्याला कसं मागायचं?"

राजशेखरना आता तो खरडण्याचा आवाज आठवला. दिवाळीतही तो झाला होता. ते तेव्हा पगाराचं विचारत होते. एवढे महिने त्यांना वाटलं होतं की आत गेलो ते चुकलं, बोललो ते चुकलं, सोयाबीन काढलं ते चुकलं. आणि हा पोरगा डोळे मिटून, आग सोसत, दोन टिपाडं भरल्याचा आवाज ऐकत बसला होता. त्यांना लाज वाटली. इतकी वाटली की पडदा आपल्यासाठीच शिवला होता की काय असं त्यांना वाटून गेलं.

मग निळी ताडपत्री एका बाजूनं जरा सरकली आणि फेसाळलेला हात बाहेर आला. हातात रिकामा तांब्या होता.

"मामा, जरा पाणी द्या."

राजशेखरनी तांब्या घेतला आणि टिपाडात बुडवला. भरून हातात दिला. तो आत गेला, पुन्हा रिकामा बाहेर आला. त्यांनी पुन्हा भरून दिला. तिसऱ्या वेळी त्यांनी पाईपच उचलला आणि पडद्याखालून जावयाच्या बादलीत सोडून दिला. बादली भरून वाहिली तरी काढला नाही. नळ जाईपर्यंत ते तसेच भिंतीकडे तोंड करून उभे होते.

बाहेर आले तेव्हा गौरम्मांनी आत डोकावून बघितलं. एक टिपाड अर्धं, दुसरं कोरडं.

"एवढा येळ काय केलाव आत? आता दोन दिवस पुरवायचं कसं?"

"त्यांनी मागून घेतलं," राजशेखर म्हणाले. मग स्वयंपाकघराच्या दाराकडे बघून म्हणाले, "मंजू, माडीवर गाद्या घाल."